अ तुकडी, ब तुकडी आणि दहावीचा निकाल

सर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद प्रशालेचा प्रभार तुमच्याकडे आला आहे. आठवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या. पटावर गावातली मुलं आहेत, आसपासच्या तांड्यांवरची बंजारा मुलं आहेत, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली आहेत, घरी दखनी बोलणारी मुस्लिम मुलं आहेत आणि गावाबाहेरच्या वस्तीवरची थोडी पारधी मुलंही आहेत. शेजारच्या खाजगी शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागतो, तुमचा ऐंशीच्या आसपास. व्यवस्थापन समितीतले काही सदस्य म्हणतात की सगळ्यांना एकत्र बसवल्यामुळे गावातली मुलं मागे पडतात. गुणांप्रमाणे अ आणि ब तुकडी करा, निदान अ तुकडीचा निकाल तरी शंभर टक्के लागेल, पट टिकेल, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, आपले शिक्षक जाणार नाहीत. हे करावं का, आणि नाही तर निकाल कसा वाढवावा, असं तुम्ही विचारलं आहे.

माझं उत्तर ‘करू नका’ असं आहे. पण तेवढ्या दोन शब्दांनी तुमची पुढची बैठक निभावणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या प्रशालांमध्ये मी गणित शिकवलं आणि पुढे मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. तुमचा पट जसा आहे, जवळपास तसाच माझा असे.

आधी एक गोष्ट मान्य करते. काही बाबी तुमच्या हातात नाहीत आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. गणित-विज्ञानाचं पद भरलेलं आहे का? इंग्रजी शिकवणारे शिक्षक इंग्रजीचे आहेत की वेळ भागवण्यासाठी दुसऱ्या विषयाचे? शेवटची एसटी किती वाजता? जवळ वसतिगृह आहे का? गणिताचं पद वर्षभर रिकामं असेल तर मी खाली सांगते त्यातलं निम्मंच साधेल. तेव्हा आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकासाठी पाठपुरावा करा, समितीचा ठराव जोडा. तो रिकामा वर्ग झाकून मुलांच्या जातीपातीवर, घरांवर चर्चा करणं हे सरळसरळ अन्यायाचं आहे.

आता निकालाकडे येऊ. लोक ज्याला निकाल म्हणतात तो टक्का नक्की काय मोजतो, हे समितीला एकदा नीट समजावून सांगा. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला. एका वर्षात महाराष्ट्रातली मुलं बारा टक्क्यांनी कच्ची झाली होती का? नाही. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेने द्यायचे वीस गुण काढून टाकले होते, अभ्यासक्रमही नवा होता. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ ला कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, मूल्यमापन शाळांनी केलं आणि निकाल ९९.९५ टक्के. शिक्षक तेच, गावं तीच, तांडे तेच. म्हणजे हा टक्का परीक्षेच्या रचनेवर, अंतर्गत गुणांवर आणि केंद्रावर बैठं पथक किती कडक आहे यावरसुद्धा हलतो. मुलांची जडणघडण त्यात असते, पण त्यात मिसळलेलं इतर खूप काही असतं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे परीक्षेला बसलं कोण. नववी ही आपल्याकडे गाळणी झाली आहे. शिक्षण हक्क कायद्यामुळे २०१० पासून आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवता येत नव्हतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे, तरी मूल खऱ्या अर्थाने अडतं ते नववीतच. आणि ज्या शाळेला शंभर टक्क्यांचा फलक लावायचा असतो ती शाळा कच्च्या मुलाला नववीत नापास करते, पालकांना बोलावून दाखला हातात देते किंवा ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा’, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसा, असा सल्ला देते. सतरा नंबरने बसलेलं मूल त्या शाळेच्या नियमित निकालात धरलंच जात नाही. सगळ्या खाजगी शाळा असं करतात असं मी म्हणत नाही. खूप चांगल्या शाळा मी पाहिल्या आहेत. पण तुलना करायची तर आकडा बरोबर घ्यावा लागेल.

समजा दोन शाळांत आठवीला साठ-साठ मुलं आहेत. पहिल्या शाळेत दहावीपर्यंत चाळीस उरली आणि चाळीसही पास झाली. निकाल शंभर टक्के. दुसऱ्या शाळेत पंचावन्न मुलं परीक्षेला बसली आणि पंचेचाळीस पास झाली. निकाल ब्याऐंशी टक्के. फलक पहिल्या शाळेचा लागेल. पण साठांपैकी दहावी पास होऊन बाहेर पडलेली मुलं पहिल्या शाळेत चाळीस आणि दुसऱ्या शाळेत पंचेचाळीस. मी दुसऱ्या शाळेची मुख्याध्यापिका असते तर मान वर करून बसले असते आणि उरलेल्या पंधरांसाठी कामाला लागले असते.

म्हणून पहिलं काम हे करा. जनरल रजिस्टर काढा. तीन वर्षांपूर्वी आठवीत जी मुलं होती त्यांची नावं एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे आज ते मूल कुठे आहे ते लिहा. पास झालं, एक-दोन विषयांत अडलं, दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलं, लग्न झालं, तोडीला गेलं. बदली होऊन गेलेल्यांची वेगळी ओळ ठेवा. हे काम क्लार्कवर सोडू नका, वर्गशिक्षकांना घेऊन बसा. एका दुपारी होतं आणि त्या दुपारीच शाळेतली अर्धी चर्चा बदलते, कारण समोर टक्के नसतात, नावं असतात.

त्या यादीत तुम्हाला बहुधा एक गोष्ट दिसेल. सगळ्यात जास्त मुलं दहावीत हरवत नाहीत, आठवी आणि नववीच्या मध्ये हरवतात. याचं कारण समितीला सांगितलंच पाहिजे. आठवीपर्यंत मुलाला दुपारी शाळेत शिजलेलं जेवण मिळतं, नववीत बंद. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत, गणवेश मोफत, नववीत दोन्ही बंद. नापासाची खरी भीतीही त्याच वर्षी समोर येते. आणि मूल चौदा वर्षांचं झालेलं असतं, म्हणजे घरच्या हिशोबात कामाचं झालेलं असतं. चार टेकू एकाच उन्हाळ्यात निघतात. ज्या घरात वर्षाचं धान्य आहे त्या घराला हे कळतसुद्धा नाही. ज्या घरात नाही, त्या घरातलं मूल जूनमध्ये पुस्तकांशिवाय नववीत येऊन बसतं आणि दुपारी उपाशी घरी जातं. मग आपण म्हणतो, तांड्यावरची पोरं दुपारनंतर थांबत नाहीत.

यावर आम्ही काय करत होतो ते सांगते. दहावी पास झालेल्या मुलांकडून पुस्तकं परत घेऊन शाळेची पुस्तकपेढी केली आणि नववीच्या प्रत्येक गरजू मुलाला पहिल्याच आठवड्यात संच दिला. अभ्यासक्रम बदलला की ही पेढी मोडते, तेव्हा गावातल्या नोकरीवाल्यांकडून वर्गणी काढावी लागते. लोक देतात. शाळेसाठी मागायला लाज वाटू देऊ नका. नववी-दहावीच्या मुलांच्या जेवणाचा प्रश्न अवघड आहे, कारण पोषण आहाराचं धान्य आठवीपर्यंतच्या पटावर येतं आणि त्यात फिरवाफिरव करणं नियमात बसत नाही. आम्ही मोठ्या मुलांना डबा आणायला सांगत असू आणि गावातल्या महिला बचत गटाकडून ज्वारीच्या भाकरी आणि पिठलं स्वस्तात करून घेत असू. रोज जमत नसे, पण जादा तास असलेल्या दिवशी जमत असे. आठवीच्या मुलांना एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला झाडून बसवा. उत्तीर्ण होऊन निवड झालेल्याला नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये मिळतात आणि ते नेमके या दरीच्या पलीकडे मिळतात. तांड्यावरच्या एका मुलीला ती मिळाली की पुढच्या वर्षी त्या तांड्यावरून अर्ज मागायला आयाच येतात.

आता तुकड्यांचा मूळ प्रश्न. गुणांप्रमाणे तुकड्या केल्या तर काय होतं ते कागदावर मांडून पाहा. सहामाहीच्या गुणांनी पटाचे दोन भाग करा आणि वरच्या भागात कोण आलं, खालच्या भागात कोण गेलं ते बघा. वर गावातली मुलं, शिक्षकांची आणि दुकानदारांची मुलं, थोड्या हुशार मुली. खाली तांडा, वस्ती, ऊसतोड. तुम्ही गुण लावले, पण हाती आली ती जात आणि गरिबी. अ तुकडीला वर्गशिक्षक म्हणून कोण मिळतं हे तुम्हाला माहीत आहेच. शाळेतले सगळ्यात तयारीचे गणिताचे सर. ब तुकडीला ज्यांना कुणी मागत नाही ते. पहिल्या महिन्यातच ब तुकडीतल्या मुलांना कळतं की आपल्याकडून फारशी अपेक्षा नाही, आणि चौदाव्या वर्षी हे कळलं की मूल त्याप्रमाणे वागू लागतं. हजेरी घसरते. नववीच्या शेवटी ब तुकडी अर्धी होते. हो, अ तुकडीचा निकाल शंभर लागेल. शाळेचा निकालही कदाचित वाढेल, कारण बसणारेच कमी होतील. आपण गाळणी आपल्याच इमारतीत बसवलेली असेल, एवढंच.

गावातल्या पालकांची भीती मात्र खोटी म्हणून उडवून लावू नका. ‘माझ्या मुलाचं नुकसान होतंय’ हे म्हणणारा बाप वाईट माणूस नसतो. यावर एक चांगला अभ्यास आहे, दिल्लीतला. २००७ पासून तिथल्या सरकारी जमिनीवर उभ्या असलेल्या बड्या खाजगी शाळांना गरीब मुलांसाठी जागा ठेवाव्या लागल्या. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने त्या शाळांतल्या श्रीमंत मुलांवर याचा परिणाम तपासला आणि तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र असलेली श्रीमंत मुलं जास्त उदार झाली, स्वयंसेवेला जास्त पुढे आली, गरीब मुलांशी भेदभाव कमी करू लागली. अभ्यासावरचा परिणाम फार थोडा होता. इंग्रजीत किंचित घट दिसली, हिंदी आणि गणितात तशी काही नाही. आपली प्रशाला म्हणजे दिल्लीची बडी शाळा नव्हे, हे मला कळतं. तिथे वर्गात मूठभर गरीब मुलं होती, तुमच्याकडे अर्ध्याहून जास्त असतील. तरी ‘एकत्र बसलं की हुशार मूल बिघडतं’ हे गृहीत धरून निर्णय घेऊ नये, एवढं त्यातून नक्की निघतं.

हुशार मुलाचं नुकसान होतं, पण वेगळ्या कारणाने. शिक्षक वर्गातल्या एकाच पातळीला धरून शिकवतात तेव्हा होतं. अर्ध्या वर्गाला भागाकार येत नाही म्हणून वर्गसमीकरणाच्या तासाला भागाकार घेतला तर वरची मुलं कंटाळतात. आणि भागाकार न घेता वर्गसमीकरण पुढे रेटलं तर खालची मुलं फळ्यावरचं नुसतं उतरवून घेतात. दोन्ही मी शेकडो वर्गांत पाहिलं आहे. यावर उपाय मुलांना दोन खोल्यांत कायमचं वाटण्याचा नाही. दिवसातला एक तास वेगळा करण्याचा आहे.

तो असा. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात आठवी-नववीच्या प्रत्येक मुलाला एकेकट्याला समोर बसवून तपासा. पाचवीच्या मराठीच्या पुस्तकातला उतारा वाचायला द्या, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगा, अपूर्णांकाची एक बेरीज, इंग्रजीची चार सोपी वाक्यं. लेखी चाचणी घेऊ नका, लेखी चाचणीत शेजारच्याचं उतरवलं जातं आणि आपल्याला काहीच कळत नाही. मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या असर सर्वेक्षणाचा २०२३ चा अहवाल ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांवर होता. त्यात सुमारे एक चतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता आला नाही आणि असा साधा भागाकार निम्म्याहून कमी मुलांना आला. तेव्हा तुमच्या नववीत न वाचता येणारी मुलं सापडली तर दचकू नका. आणि एक सांगून ठेवते, त्यांत गावातली मुलंही निघतील. ती आजवर चांगल्या शर्टामागे लपलेली असतात.

मग रोजचा पहिला किंवा शेवटचा तास दोन्ही इयत्तांसाठी, सगळ्या तुकड्यांसाठी एकाच वेळी ठेवा आणि त्या तासापुरते गट पातळीप्रमाणे करा. वाचनाचा गट, भागाकार-अपूर्णांकाचा गट, आणि वरचा गट. गट दर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासून हलवा. मूल वर सरकलं पाहिजे आणि त्याला ते कळलं पाहिजे. वाचनाच्या गटाला शाळेतला सगळ्यात चांगला शिक्षक द्या. हे सोपं नाही, शिक्षक नाराज होतात, पण मुख्याध्यापकाच्या हातात जे थोडे खरे अधिकार असतात त्यातला वेळापत्रक हा एक आहे. बाकीचे सगळे तास मिश्र तुकडीतच. तुकड्या करताना हजेरीपटावरच्या नावांत एक आड एक घ्या, आणि मग बघा की एकाच तांड्याची सगळी मुलं एका बाजूला तर गेली नाहीत ना.

वरच्या गटाबद्दल एक आग्रहाची विनंती. हुशार मुलांना रोज दुसऱ्यांना शिकवायला बसवू नका. अधूनमधून समजावून सांगण्याने त्यांचंही पक्कं होतं, हे खरं. पण दररोज तेच केलं तर ते बिनपगारी शिक्षक होतात आणि त्यांच्या पालकांची तक्रार खरी ठरते. त्यांना शिष्यवृत्ती परीक्षेची गणितं द्या, भूमितीचे अवघड प्रमेयप्रश्न द्या, इंग्रजी गोष्टीची पुस्तकं द्या. या गटात तांड्यावरची मुलंही येतील. ती आली की समितीतला वाद अर्धा मिटतो.

भाषेबद्दलही थोडं लिहिते. घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणारं मूल मैदानावर झकास मराठी बोलतं. म्हणून आपल्याला वाटतं त्याला मराठी येतं. मैदानावरचं मराठी येतं, पुस्तकातलं येत नाही. ‘दोन राशी व्यस्त प्रमाणात असतील तर’ हे वाक्य त्याला अडतं, गणित अडत नाही. हेच गणित मी असं घालत असे: दहा कोयत्यांची टोळी एक फड सहा दिवसांत तोडते, बारा कोयते असतील तर किती दिवस? पोरं तोंडी उत्तर देत, पाच. मग तेच वाक्य पुस्तकी मराठीत फळ्यावर लिहायचं आणि दोन्ही शेजारी ठेवायची. गावातल्या मुलालाही व्यस्त प्रमाण घरून येत नाही, त्यामुळे हा वेळ सगळ्यांच्याच कामी येतो. आठवड्याला प्रत्येक विषयाचे दहा-बारा पारिभाषिक शब्द भिंतीवर लावा आणि ते मुलांकडून वाक्यात वापरून घ्या. गणित-विज्ञानात अडलेल्या किती मुलांना खरं तर प्रश्नच वाचता येत नव्हता, हे तेव्हा दिसतं. एक काळजी घ्या. ऊसतोडीचं गणित घालताना ‘तुला माहीत असेल, तुझे वडील जातात ना’ असं एखाद्या मुलाकडे बोट दाखवून म्हणू नका. गणित सगळ्या वर्गाचं असू द्या.

याला जोडूनच. वर्गात ‘शिष्यवृत्तीवाले उभे राहा’ म्हणणं आजपासून बंद करा. कागदपत्रं राहिलेल्या मुलाला मधल्या सुट्टीत ऑफिसात बोलावून सांगा. वर्गात पेन चोरीला गेलं की पहिली झडती पारधी मुलाची होते, हे शिक्षकांच्या बैठकीत स्पष्ट बोला, आणि पुन्हा झालं तर तुम्ही काय कराल तेही सांगा. अशा गोष्टींचा निकालाशी काय संबंध, असं कुणी विचारेल. ज्या वर्गात आपल्याकडे चोर म्हणून पाहिलं जातं त्या वर्गात कुणीही मूल रोज येत नाही, आणि जे येत नाही ते पास होत नाही.

आता ऊसतोड, कारण तुमच्या पटाचं सगळ्यात मोठं दुखणं ते आहे. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. म्हणजे दुसरं सत्र पूर्ण, पूर्वपरीक्षा, तोंडी आणि प्रात्यक्षिकं, शेवटी बोर्डाची परीक्षा, सगळं हंगामाच्या पोटात. दहावीचे अर्जही साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच भरले जातात, त्यामुळे निघायच्या घाईत काही मुलांचा अर्जच राहतो. म्हणून सप्टेंबरमध्येच यादी करा. मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, कुणी घेतली आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं. त्या प्रत्येक घरी जा आणि शक्य असेल तर बाईशिक्षिका बरोबर घ्या, कारण निर्णय आई आणि आजीशी बोलल्याशिवाय होत नाही. मूल आजीजवळ राहू शकतं का? नात्यातलं घर आहे का? हंगामी वसतिगृह, समाजकल्याणचं वसतिगृह, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सुरू झालेली संत भगवानबाबा वसतिगृहं, यातलं तुमच्या तालुक्यात प्रत्यक्ष चालू काय आहे ते स्वतः जाऊन बघा. कागदावर असलेलं आणि चुलीवर भात शिजत असलेलं यात फरक असतो. आजी म्हातारी असेल तर मुलाला रोज एक शिक्षक विचारतो आहे, एवढ्यानेही पुष्कळ मुलं टिकतात. आम्ही शिक्षकांनी मुलं वाटून घेतली होती आणि ज्याच्या वाट्याला जे मूल, त्याने त्याच्या हजेरीचं उत्तर द्यायचं.

जे मूल गेलंच, त्याला शिक्षण हमी पत्र, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत बसण्यासाठीचं पत्र, देऊन पाठवा आणि कारखान्याजवळच्या शाळेत बसवण्याचा प्रयत्न करा. टोळी कर्नाटकात गेली असेल तर तिथे कन्नड माध्यम, मग उपयोग होत नाही. अशा वेळी धड्यांचे छोटे आवाजी संदेश बापाच्या फोनवर पाठवा. फोन संध्याकाळी कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, येतो, तेव्हा ऐकतात. आणि तोंडी-प्रात्यक्षिकांच्या किमान पंधरा दिवस आधी दहावीचं मूल गावात परत आलंच पाहिजे, हे निघण्यापूर्वी बापाकडून कबूल करून घ्या.

मुलींबाबत डोळे उघडे ठेवा. तोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि जोडीला जास्त उचल. म्हणून चौदा-पंधराव्या वर्षी लग्नं उरकली जातात. नववीतली नियमित येणारी मुलगी दिवाळीनंतर आठवडाभर दिसली नाही की त्याच आठवड्यात घरी जा. ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हे गावपातळीवरचे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांना लेखी कळवा, १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीवर फोन करा. मुलींसाठी एसटीचा मोफत पास आहे, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत सायकली आणि बस आहेत, त्या मिळवून द्या. शाळा लांब आहे हे कारण तेवढं तरी उरत नाही.

थोडक्यात सांगायचं तर क्रम असा ठेवा: आधी आठवीच्या पटावरून खरा आकडा काढा, मग आठवी-नववीची दरी सांभाळा, रोजचा एक तास पातळीप्रमाणे आणि बाकी सगळं एकत्र, आणि ऊसतोडीची तयारी सप्टेंबरात. पहिल्या वर्षी निकाल कदाचित हलणार नाही, एखादा टक्का खालीही येईल, कारण पूर्वी जी मुलं गळून गेली असती ती आता परीक्षेला बसतील. हे समितीला आधीच सांगून ठेवा. नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

बैठकीत नापास झालेल्या मुलांची यादी जातीच्या रकान्यासह मागितली जाईल. ती देऊ नका. त्याऐवजी त्याच मुलांपुढे दोन रकाने भरून न्या: दुसऱ्या सत्रातली हजेरी, आणि कोणत्या विषयात अडलं. माझ्या अनुभवात बहुतेक नावांपुढे हजेरी निम्म्याहून कमी असते आणि विषय गणित किंवा इंग्रजी असतो. ते दोन रकाने मोठ्याने वाचा आणि मग विचारा की तुकड्या वेगळ्या केल्याने यातलं नेमकं काय बदलेल. निकालानंतर होणाऱ्या पुरवणी परीक्षेचे अर्ज भरायची मुदत तोवर चालू असेल, तर त्या यादीतल्या किती मुलांचे अर्ज भरून झाले आहेत तेही त्याच बैठकीत सांगा. राहिलेल्यांची घरं सदस्यांमध्ये तिथेच वाटून द्या, म्हणजे निदान त्या आठवड्यात सगळे एकाच कामाला लागतील.